कॅप उलटी करून बघा

बागेच्या भिंतीच्या खांबावर सिमेंट-काँक्रीटची जी चौकोनी टोपी बसवतात, तिला आपल्याकडचा गवंडी कॅप म्हणतो आणि इथला तमिळ मेस्त्रीही कॅपच म्हणतो. बहुतेकांना ती शोभेची वस्तू वाटते. टोपी घातली की माणूस नीटनेटका दिसतो, तसा खांबही दिसतो, हे खरे आहे. पण शोभा हे तिचे दुय्यम काम. खांबाच्या माथ्यावर पडणारे पाणी खांबाच्या अंगाला लागू न देता दूर टाकणे, हे पहिले काम. आणि हे काम करणारा महत्त्वाचा भाग कॅपच्या पोटाखाली असतो. कॅप एकदा बसवली की तो कुणाला दिसत नाही. म्हणून या लेखात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे: कॅप घरी करा किंवा विकत आणा, बसवण्याआधी ती उलटी करून बघा.

मी शाळेच्या कार्यशाळेत शिकवतो. या वर्षी बागेच्या भिंतीच्या सोळा खांबांना कॅप बसवण्याचे काम आठवी-नववीच्या कॅडेटांनी माझ्याबरोबर केले. सुटीत घरी गेल्यावर त्यांनी ते आईवडिलांना सांगितले असावे, कारण नंतर काही पालकांनी विचारले, "सर, आमच्या कंपाउंडलाही कॅप बसवायच्या आहेत. करून घ्याव्यात की विकत आणाव्यात?" त्याचे उत्तर हिशेबासकट इथे देतो.

एका खांबावर किती पाणी?

भिंतीचा मोठा शत्रू पाणी. तांबरमला हे पाणी गावाकडच्यापेक्षा वेगळ्या वेळी येते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर पाऊस. इथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ तयार झाले की थोड्या तासांत खूप पाऊस कोसळतो. १ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत तांबरमला सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस पडला होता.

आता गणित करा. आपला साधा खांब गिलाव्यासकट ३५० मिलिमीटर रुंद आणि तेवढाच लांब आहे. म्हणजे माथ्याचे क्षेत्रफळ ०.३५ × ०.३५ = ०.१२२५ चौरस मीटर. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. ४९० मिलिमीटर पावसाचे ०.१२२५ × ४९० म्हणजे ६० लिटर. चेन्नईत घरोघरी पाण्याचे २० लिटरचे कॅन येतात. तसे तीन कॅन एका दिवसात एका खांबाच्या डोक्यावर ओतल्यासारखे झाले. माथा सपाट असेल तर त्यातले काही पाणी वर साचणार, काही चारी बाजूंनी खांबाच्या अंगावरून ओघळणार आणि काही आत मुरणार.

आत मुरलेले पाणी काय करते?

माथ्यावरचा गिलावा उन्हात तापतो आणि पावसाच्या सरीने एकदम निवतो. असे वारंवार झाले की त्याला केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून पाणी विटांपर्यंत पोचते. पुढे तीन गोष्टी होतात.

पहिली, लोणा. विटांतले आणि मालातले क्षार पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर बाहेर येतात आणि पाणी वाळले की पांढरी पूड मागे राहते. रंगाचे पोपडे सुटतात, गिलावा पोकळ होतो.

दुसरी, पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे बी ओलसर भेगेत रुजते. वर दोन पाने दिसतात तेव्हा खाली मुळे विटांच्या सांध्यात शिरलेली असतात. नुसती पाने खुडून ते जात नाही.

तिसरी आणि सर्वांत धोक्याची, गंज. फाटकाच्या खांबात लोखंडी सळ्या असतात, फाटकाच्या बिजागऱ्याही त्यात रोवलेल्या असतात. लोखंड गंजले की गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. ही जागा तो आतून ढकलून मिळवतो आणि खांब उभा तडकतो.

आपल्या फाटकाच्या डाव्या खांबाला नेमके हेच झाले होते. माथ्यापासून खाली दोन फूट उभी भेग गेली होती आणि वरची बिजागरी हाताने हलत होती. सकाळी पीटीला जाताना सहावीची मुले हेच फाटक ढकलून बाहेर पडतात. म्हणून आधी फाटक काढून ठेवले, खांबाचा वरचा भाग उतरवून मेस्त्रीकडून नव्याने बांधून घेतला आणि मगच कॅपचा विचार केला. हे पालकांनीही लक्षात ठेवावे. तडकलेल्या खांबावर कॅप बसवणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. आधी खांब दुरुस्त, मग कॅप.

चांगल्या कॅपच्या चार खुणा

पहिली खूण, उतार. कॅपचा माथा मध्ये उंच आणि चारी बाजूंना उतरता हवा. आमच्या कॅपची कड ५० मिलिमीटर जाड आहे आणि मधला भाग त्याहून आणखी ५० मिलिमीटर उंच. एवढ्या उतारावर पाणी थांबत नाही आणि पालापाचोळाही साचत नाही.

दुसरी खूण, बाहेर आलेली कड. कोकणात आणि मावळात भातलावणीच्या वेळी डोक्यावर इरले घेतात. इरले अंगापेक्षा रुंद असते, म्हणूनच वाकून काम करणाऱ्याची पाठ कोरडी राहते. कॅप हे खांबाचे इरले आहे. ती खांबाबरोबर कापल्यासारखी असेल तर तिच्यावरून ओघळलेले पाणी थेट खांबावर येते. चारी बाजूंना ५० मिलिमीटर, निदान ४० तरी, ती बाहेर यायला हवी.

तिसरी खूण, पोटाखालची खाच. हीच सर्वांत जास्त विसरली जाते. बशीतून चहा हळू ओतला की तो धारेने खाली न पडता बशीच्या पोटाला चिकटून मागे ओघळतो, हे सर्वांनी पाहिले आहे. काँक्रीटवरही पाणी तसेच वागते. उतारावरून कडेला येते, कड ओलांडते, खाली पडण्याऐवजी कॅपच्या पोटाला चिकटून खांबाकडे सरकते आणि कॅप-खांबाच्या सांध्यातच शिरते. म्हणजे कड बाहेर काढूनही पाणी घरी पोचले! हे थांबवण्यासाठी बाहेर आलेल्या भागाच्या पोटात, चारी बाजूंनी सलग, १० मिलिमीटर खोल आणि साधारण १२ मिलिमीटर रुंद खाच ठेवतात. पोटाला चिकटून येणाऱ्या पाण्याला पुढे जायचे तर खाचेत वर चढावे लागते. ते जमत नाही. खाचेच्या काठाशी थेंब जमतो, जड होतो आणि जमिनीवर पडतो. कौलांच्या कडेने पागोळ्या गळतात, तशाच या छोट्या पागोळ्या.

कॅडेटांनो, हे घरी करून बघता येईल. नळाची बारीक धार सोडा आणि स्टीलचे ताट पालथे, किंचित तिरपे, असे धरा की पाणी वरच्या बाजूच्या कडेवर पडेल. काही पाणी कड ओलांडून ताटाच्या खालच्या अंगाला चिकटून वाहताना दिसेल. आता खालच्या अंगाला, पाण्याच्या वाटेत आडवी, कणकेची बारीक वळी चिकटवा. पाणी वळीपर्यंत येईल आणि तिथून टपकेल. वळी खाली आलेली असते आणि खाच वर गेलेली, पण युक्ती एकच: चिकटून वाहणाऱ्या पाण्याची वाट मोडायची.

चौथी खूण, घट्ट बैठक. आमच्या मापाची कॅप सुमारे ३२ किलो वजनाची आहे. ती नुसती ठेवून दिली तर वजनानेच राहील असे वाटते. पण कोणी भिंतीवर चढताना तिलाच हात घालतो. एवढे वजन पाच फुटांवरून पायावर पडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

माप कसे घ्यावे?

सगळे खांब एकाच मापाचे आहेत असे समजू नका. गिलाव्याची जाडी कमीजास्त असते. आम्ही चौदा साध्या खांबांची चारही बाजूंनी मापे घेतली, तर ती ३४५ ते ३५५ मिलिमीटरपर्यंत निघाली. कॅप ४५० मिलिमीटरची ठरवली, त्यामुळे सर्वांत जाड खांबालाही पुरेशी कड मिळाली. सूत्र सोपे आहे: सर्वांत रुंद खांबाचे माप अधिक १०० मिलिमीटर. बाजारात इंचाची भाषा चालते. तिथे १४ इंची खांबाला १८ इंची कॅप मागावी. माप माथ्याशीच घ्यावे, कमरेच्या उंचीला नाही. कोपरे काटकोनात आहेत का तेही गुण्या लावून बघावे.

विकत घ्यायची असेल तर

शहराबाहेरच्या रस्त्यांवर विहिरीची कडी, कंपाउंडच्या फळ्या, जाळ्या असा काँक्रीटचा तयार माल करणारी अंगणे असतात. तिथे कॅपही मिळतात. दुकानदार वरची बाजू दाखवतो: पायऱ्यापायऱ्यांची, कमळाची, गोल गोळ्याची. तुम्ही ती उलटी करायला सांगा.

खाच आहे का, ती चारी बाजूंनी सलग आहे का, कोपऱ्यात बुजलेली तर नाही ना, हे बघा. नंतर माठ घेताना बोटाने वाजवून बघतो तशी कॅप छोट्या हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक; बद्द आवाज आला तर आत भेग किंवा पोकळी असू शकते. कडेवर खिळ्याने ओरखडा काढा. पूड निघू लागली तर सिमेंट कमी आहे किंवा पाणी नीट मारलेले नाही. कुठे तांबूस डाग दिसला तर आतली तार पृष्ठभागाच्या फार जवळ आहे आणि गंजू लागली आहे. ती कॅप बाजूला ठेवा. शेवटी विचारा, "ओतून किती दिवस झाले?" काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या मापाने मोजतात. कालची कॅप आज गाडीत घातली तर तिच्या कडा रस्त्यातच जातील. मोजून हव्यात त्यापेक्षा एकदोन जास्त घ्या; पुढच्या वर्षी तोच साचा, तोच रंग मिळेलच असे नाही.

काँक्रीटऐवजी ग्रॅनाइटची किंवा आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर असते तशी कडप्प्याची फरशीही बसवतात. दगड पाणी कमी पितो, हा फायदा. पण फरशी सपाट असते. ती किंचित एका बाजूला कलती बसवावी लागते आणि पोटात मशीनने खाच कापून घ्यावी लागते. कापणारा फरशीवाला शेजारीच असेल तर हा पर्याय चांगला आहे.

घरी करायची असेल तर

साचा. जमिनीवर शटरिंगचा प्लाय सपाट ठेवा. आठ फूट बाय चार फुटांच्या एका प्लायवर ४५० मिलिमीटरच्या आठ कॅप मोकळ्या बसतात. प्रत्येक कॅपचा चौकोन आखा. कडेपासून २५ मिलिमीटर आत, चारी बाजूंनी, १० मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी ठोका. तिच्या बाजू वर निमुळत्या असाव्यात, म्हणजे कॅप उचलताना ती अडकत नाही. हीच पट्टी पोटाखाली खाच करते. बाजूंना ५० मिलिमीटर उंच फळ्यांची चौकट. चौकटी आम्ही चारच केल्या आणि रोज पुढे सरकवल्या. सगळ्याला तेलाचा पातळ हात द्यावा.

माल. प्रमाण १ : १.५ : ३, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. घमेल्याने अंदाजे मोजण्यापेक्षा एकच बादली ठरवून काठोकाठ मोजा. खडी किती मोठी घ्यावी, याचा नियम भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये आहे: खडीचा कमाल आकार भागाच्या किमान जाडीच्या चौथ्या हिश्श्याहून मोठा नसावा. आमची कड ५० मिलिमीटर जाड, म्हणजे मर्यादा १२.५. म्हणून १० मिलिमीटरची बारीक खडी घेतली. स्लॅबची २० मिलिमीटरची खडी इथे चालत नाही. ती खाचेजवळ अडकते आणि कड पोकळ राहते.

इथल्या दुकानात वाळूला मणल आणि खडीला जल्ली म्हणतात, हे दोन शब्द माहीत असले की काम सोपे होते. मेस्त्री हा शब्द मात्र मराठीत आणि तमिळमध्ये सारखाच आहे. जल्लीचा रंग गावाकडच्यासारखाच काळसर दिसतो, पण दगड वेगळा. महाराष्ट्रात आपण बेसाल्टची, म्हणजे काळ्या कातळाची, खडी वापरतो. शेजारच्या पल्लावरम आणि परंगीमलैच्या टेकड्यांचा दगड चार्नोकाइट आहे. कोलकात्यातल्या जॉब चार्नॉकच्या थडग्याला हाच दगड आहे आणि त्यावरूनच थॉमस हॉलंड या भूशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये त्याला हे नाव दिले. सिमेंटचाही या शहराशी जुना संबंध आहे: भारतात पोर्टलंड सिमेंट तयार करण्याचा पहिला कारखाना १९०४ मध्ये मद्रासमध्येच निघाला आणि तो चुन्यासाठी समुद्रातले शिंपले वापरत असे.

समुद्र जवळ आहे म्हणून किनाऱ्यावरची वाळू मात्र आणू नका. तिच्यातले मीठ लोणा आणते आणि लोखंड गंजवते. नदीची वाळू किंवा दगड दळून केलेली एम-सँड घ्या. पाणी पिण्यायोग्य असावे. आम्ही कॅपमध्ये सळई घातली नाही. एवढ्या छोट्या, सगळीकडून टेकलेल्या भागाला ती लागत नाही, आणि ५० मिलिमीटरच्या कडेत, तेही खाच पाडल्यावर, सळईवर पुरेसे काँक्रीट राहत नाही. पुढे ती गंजून कॅपच फोडेल.

किती माल लागेल? कडेचा चौकोनी भाग ०.४५ × ०.४५ × ०.०५ = ०.०१०१ घनमीटर. वरचा निमुळता भाग म्हणजे पिरॅमिड: ०.४५ × ०.४५ × ०.०५ ÷ ३ = ०.००३४. एकूण ०.०१३५ घनमीटर. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलो धरले की कॅपचे ३२ किलो येतात. या प्रमाणात एक घनमीटरला सिमेंटच्या सुमारे आठ गोण्या लागतात, म्हणजे एका गोणीत थोडी सांडलवंड धरूनही आठ कॅप होतात. आम्ही रोज अर्धी गोणी, म्हणजे २५ किलो सिमेंट, कालवले आणि चार कॅप ओतल्या. चार दिवसांत दोन गोण्यांत सोळा कॅप झाल्या.

पाणी. २५ किलो सिमेंटला साडेबारा लिटरपर्यंत, वाळू ओली असेल तर आणखी कमी. काम सोपे व्हावे म्हणून मजूर पाणी वाढवतात. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. पाऊस अडवायच्या कॅपमध्येच पाऊस शिरायला वाटा! ओळखायचे असे: मूठभर काँक्रीट हातमोजा घालून दाबा. लाडू वळला गेला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. आपल्या कॅपला उतार द्यायचा आहे, त्यामुळे पातळ माल वर टिकणारही नाही.

ओतणे. आधी पट्टीच्या दोन्ही बाजूंना आणि कोपऱ्यांत माल भरून गजाने ठासा. चौकटीच्या फळ्यांवर हातोडीने ठोका, म्हणजे हवा निघून जाते. मग मध्ये माल चढवून थापीने चारी उतार काढा. प्लायचा त्रिकोणी तुकडा कापून ठेवला की प्रत्येक कॅपचा उतार सारखा येतो. लाकडी रंध्याने घोटा. वरून कोरडे सिमेंट भुरभुरवून चकाकी आणू नका; त्या थराला बारीक जाळीसारख्या भेगा पडतात. कालवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत माल साच्यात गेला पाहिजे.

पाणी मारणे. चौकट दुसऱ्या दिवशी काढली, कॅप मात्र तीन दिवस प्लायवरून हलवली नाही. नंतर चौदा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या. मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारावे, शक्यतो चौदा, असे आयएस ४५६ सांगते. आजकाल दुकानात मिळणारे पीपीसी हे मिश्र सिमेंटच आहे. तांबरमच्या उन्हात गोणपाट दुपारीच वाळते. म्हणून रोज तीन वेळा, सकाळी पीटीनंतर, दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी खेळानंतर, पाणी द्यायची कॅडेटांची पाळी लावली होती. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात काही घडताना दिसत नाही, आणि बहुतेक घरगुती कॅप नेमक्या याच पायरीवर कच्च्या राहतात.

सोळांपैकी एक कॅप आम्ही २८ दिवसांनी मुद्दाम घणाने फोडली. तुटलेल्या बाजूकडे बघितले तर बरीच खडी अखंड उपटून निघण्याऐवजी मधोमध तुटली होती. म्हणजे सिमेंटने खडीला धरून ठेवले होते. कॅडेटांसाठी तो तुकडा कार्यशाळेत ठेवला आहे.

एक सावधगिरी. ओले सिमेंट कातडी भाजते. रबरी हातमोजे, बूट आणि कोरडी सिमेंटची गोणी फोडताना नाकावर रुमाल हवाच. ३२ किलोची कॅप दोघांनी, गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलायची.

बसवताना

खांबाचा माथा झाडून, खरवडून, पाण्याने भिजवून घ्या. कॅपचे पोट प्लायमुळे गुळगुळीत असते; मधला, खांबावर टेकणारा भाग छिन्नीने टोचून खरखरीत करा आणि तोही ओला करा. एक भाग सिमेंट, चार भाग वाळू असा माल माथ्यावर पूर्ण पसरा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून कॅप बसवायची सवय असते. ती टाळा, मध्ये पोकळी राहते. दोन्ही दिशांना लेव्हल लावा, चारी बाजूंची कड पट्टीने मोजा. बाहेर आलेला माल लगेच काढा आणि वाकून बघा, तो खाचेत तर गेला नाही ना? खाच एका जागी जरी बुजली तरी पाणी त्याच पुलावरून खांबाकडे जाते. आठवडाभर सांधा ओला ठेवा. मग दोन्ही हातांनी ढकलून बघा. किंचितही हलली तर काढून पुन्हा बसवा.

खांबावर दिवा लावायचा असेल तर वायरसाठी कॅपला वरून भोक पाडू नका. वायर कॅपच्या खालून, खांबाच्या बाजूने बाहेर काढा आणि दिवा बाजूलाच बसवा.

मग करावी की आणावी?

नुसती एका कॅपची किंमत बघून ठरवू नका. घरी करायची तर सिमेंट, वाळू, खडी यांबरोबर प्लाय, चौकटीचे लाकूड आणि अठरा-वीस दिवसांची निगा यांचाही हिशेब धरा. विकत घ्यायची तर गाडीभाडे, चढवण्या-उतरवण्याची मजुरी आणि वाटेत फुटणाऱ्या एखाद्या कॅपचा हिशेब धरा. साच्याचा खर्च दोन कॅपला जड पडतो, चौदांवर वाटला की हलका होतो. म्हणून दोनचार खांब, नेहमीचे माप आणि खाच असलेली कॅप मिळत असेल, तर विकत आणावी. खांब पुष्कळ असतील, किंवा माप बाजारात न मिळणारे असेल आणि रोज पाणी मारायला माणूस असेल, तर घरी करावी. पाणी मारायला कोणी नसेल तर घरी करूच नये.

आम्ही दोन्ही केले. साध्या चौदा खांबांच्या कॅप कॅडेटांनी केल्या. एक शिल्लक आहे. फाटकाचे दोन खांब मोठे आहेत. त्यांची ५५० मिलिमीटरची कॅप ५० किलोच्या वर जाते. ती उचलून सहा फुटांवर चढवणे हे मुलांचे काम नाही. म्हणून त्या मापाच्या दोन कॅप सांगून करून घेतल्या आणि मेस्त्रीने आपल्या माणसांकडून बसवल्या. त्या आल्या तेव्हा नववीच्या कॅडेटांनी आपणहून दोन्ही उलट्या केल्या. एकीची खाच एका कोपऱ्यात अर्धी बुजलेली होती. बसवण्याआधी छिन्नीने ती मोकळी करून घेता आली. खांबावर चढल्यानंतर ते कळलेही नसते. तांबरमच्या हवाई दलाच्या तळावर तुम्ही कधी गेला असाल तर वैमानिक चढण्याआधी विमानाभोवती फिरून, वाकून पोटाखाली बघतो हे पाहिले असेल. तीच सवय.

वेळही ठरलेली हवी. इथे कॅप ऑगस्टअखेर ओता, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याआधी त्या खांबावर पक्क्या बसतात. गावाकडे करायच्या असतील तर मार्च-एप्रिलमध्ये ओता, मृगाआधी काम संपते.

कॅपने सगळे प्रश्न सुटत नाहीत. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळ चेन्नईजवळ आले तेव्हासारखा वारा असेल तर पाऊस आडवाच येतो; त्यापासून खांबाचे रक्षण चांगला गिलावा आणि बाहेरचा रंगच करणार. जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीवरही कॅपचा उपाय नाही. पण वरून येणारे पाणी तिने अडवायलाच हवे, आणि ती अडवते का हे तपासायला उपकरण लागत नाही. वारा नसलेल्या सरीत दहा मिनिटे छत्री घेऊन खांबाजवळ उभे राहा. कॅपच्या खाली चारी बाजूंनी कोरडा पट्टा दिसला आणि थेंब खांबापासून वेगळे पडत असले तर काम झाले. एका बाजूला ओला ओघळ दिसला तर त्या बाजूची खाच बोटाने चाचपा. कोळ्याचे जाळे, कुंभारमाशीचे मातीचे घर किंवा रंगाचा थर तिथे सापडेल. दर वर्षी सप्टेंबरात जुन्या टूथब्रशने खाच साफ करणे, एवढीच तिची देखभाल. या वर्षीची ती पाळी आठवीकडे आहे.